आधी आलेले, उशिरा आलेले : मिनेसोटातल्या स्लाव आणि लाओ वस्त्यांतून

गुरुवार

मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातली, मिसिसिपी नदीच्या काठावरची जोडशहरे. ताई-भाऊजी इथल्या प्लिमथ उपनगरात राहतात, म्हणून सप्टेंबरची सुट्टी इकडेच काढायची ठरवली. येण्याआधीपासून एक प्रश्न डोक्यात होता. या शहरांत दोन वेगळ्या काळात आलेल्या, रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांच्या वस्त्या आहेत. 1880 नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत पूर्व युरोपातून स्लोव्हाक, रुसिन, पोलिश, क्रोएशियन असे स्लाव लोक आले. 1975 नंतर लाओसमधून मैदानी भागातले बौद्ध लाओ आणि डोंगरातले ह्मोंग आले. दोन्हीकडची माणसे बहुतेक शेतकरी, इंग्रजी जवळपास कोणालाच येत नव्हते. आज पोलिश किंवा स्लोव्हाक वंशाच्या कुटुंबांचे उत्पन्न अमेरिकेच्या सरासरीला धरून, बहुधा त्याच्या वरच असते. लाओसमधून आलेल्यांच्या घरी, माणशी उत्पन्न पाहिले तर, अजून तशी स्थिती नाही. हे का, ते चालून आणि बोलून समजून घ्यायचे होते.

सुरुवात बोहेमियन फ्लॅट्सपासून केली. वॉशिंग्टन अव्हेन्यू पुलाच्या खाली, नदीला लागून हा सपाट पट्टा आहे. आज तिथे हिरवळ आणि सायकलचा रस्ता आहे, वरून विद्यापीठाची मुले ये-जा करतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे लाकडी खोपट्यांची वस्ती होती. त्यात सर्वांत जास्त स्लोव्हाक, जोडीला चेक आणि इतर. शहर वर कड्यावर, हे खाली नदीत. कामाला जायचे तर लाकडी जिना चढून वर यायचे. वरच्या अंगाला लाकूड कापायच्या गिरण्या होत्या. तिथले सुटलेले ओंडके आणि फळ्या वाहत आल्या की बायका-मुले त्या आकड्यांनी काठावर ओढायची. हिवाळ्याचे सरपण तेच. दर वसंतात बर्फ वितळून नदीला पाणी चढले की खालच्या ओळीतली घरे बुडायची आणि लोक सामान उचलून वरच्या ओळीत जायचे. एवढे सोसून जागेचे भाडेही भरावे लागे. 1923 मध्ये बहुतेकांना उठवले आणि 1930 च्या आसपास उरलेली घरेही पाडली, कारण तिथे मालवाहू होड्यांचा धक्का हवा होता. 2007 मध्ये जवळचा महामार्गाचा पूल कोसळला, तेव्हा त्याचे वाकलेले लोखंड तपासणीसाठी याच गवतावर आणून मांडले होते.

ज्या स्लाव वंशजांकडे आज आपण ‘स्थिरावलेले’ म्हणून पाहतो, ते कुठून निघाले हे कळायला ही जागा बघावीच. ही नदीपात्रातली झोपडपट्टी होती. त्या काळातली वर्तमानपत्रे आणि तज्ज्ञ म्हणवणारे लोक या माणसांना अडाणी, दारूडे, अमेरिकेत कधीच न मिसळणारे म्हणत. 1907 ते 1911 या काळात अमेरिकी काँग्रेसच्या डिलिंगहॅम आयोगाने स्थलांतरितांवर 41 खंडांचा अहवाल तयार केला. पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणारे हे ‘नवे’ लोक आधीच्या लोकांपेक्षा कमी प्रतीचे आहेत, असा त्याचा सूर होता. 1924 च्या कायद्याने त्यांचे येणे जवळपास बंदच झाले.

तिथून चालत मिल सिटी संग्रहालयात गेलो. वॉशबर्न गिरणीच्या जळक्या भिंतींच्या आत ते उभारले आहे. 2 मे 1878 रोजी याच जागेवरच्या आधीच्या गिरणीत पिठाच्या धुळीने पेट घेतला, स्फोट झाला आणि 18 कामगार गेले. गिरणी पुन्हा बांधली. 1880 ते 1930 अशी सुमारे पन्नास वर्षे हे शहर पीठ दळण्यात जगात पहिले होते. मी तिथल्या गोण्यांपाशी बराच वेळ उभा होतो. गोणी उचलायला भाषा लागत नाही आणि शाळेचा दाखलाही लागत नाही. जिना चढून वर आलेल्या स्लोव्हाक माणसाला वर असे काम मिळत होते, आणि ते पुढची दोन पिढ्या टिकले.

शुक्रवार

आजचा दिवस नॉर्थईस्ट मिनियापोलिससाठी. इथले जुने लोक त्याला ‘नॉर्डईस्ट’ म्हणतात. दोन-चार गल्ल्यांच्या अंतराने चर्चे आहेत: पोलिश लोकांचे होली क्रॉस, युक्रेनियनांचे सेंट कॉन्स्टंटाइन, रुसिनांचे सेंट मेरीज. प्रत्येकाने आपल्या बोलीचे, आपल्या पद्धतीच्या पूजेचे चर्च आधी बांधले. बाकीचे सगळे त्याच्या भोवती वाढले.

सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलची कथा मला विलक्षण वाटली. कार्पेथियन डोंगरातून आलेले हे रुसिन मुळात रोमच्या पोपला मानणारे, पण पूजा पूर्वेकडच्या पद्धतीची. 1889 मध्ये त्यांचे धर्मगुरू अलेक्सिस टोथ इथे आले आणि रिवाजाप्रमाणे आर्चबिशप जॉन आयर्लंड यांच्याकडे कागदपत्रे घेऊन गेले. आयर्लंड स्वतः स्थलांतरित आयरिश. त्यांनी टोथ यांना धर्मगुरू मानायलाच नकार दिला. कारण टोथ यांचे लग्न झाले होते, जरी पत्नी वारली होती. शिवाय सगळ्या स्थलांतरितांनी लवकर अमेरिकी व्हावे असे आयर्लंड यांना वाटे. 1891 मध्ये टोथ आणि त्यांची 361 माणसे रशियन ऑर्थोडॉक्स पंथात गेली. पुढे हजारो रुसिन त्याच वाटेने गेले आणि 1994 मध्ये टोथ यांना संतपद मिळाले. आपल्याला कमी लेखणाऱ्या धर्मपीठाचा दरवाजा सोडून सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे, ही गोष्ट नागपूरच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आत मेणबत्त्या ठेवणाऱ्या एक वयस्क बाई भेटल्या. त्यांचे आजोबा लाकडाच्या गिरणीत होते, वडील रेल्वेत, त्या स्वतः शाळेत शिक्षिका. वडील दुसऱ्या महायुद्धातून परतले आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी कर्जातून त्यांनी कोलंबिया हाइट्समध्ये घर घेतले.

“पहिल्यांदा घराला मागे अंगण मिळालं,” त्या म्हणाल्या. “आईने त्यात लसूणच लसूण लावला.”

घराची ही गोष्ट मला या सहलीतली सर्वांत महत्त्वाची वाटते. मिनियापोलिसमध्ये 1910 पासून घरांच्या खरेदीखतात अटी घालायला सुरुवात झाली: हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकता येणार नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रकल्पाने अशी हजारो खरेदीखते शोधून नकाशावर मांडली आहेत. पहिल्याच खतात चिनी, जपानी, मूर, तुर्की, निग्रो, मंगोलियन आणि आफ्रिकी वंशाची नावे आहेत. स्लावांचे नाव त्यात नाही. त्यांना शिव्या होत्या, टोपणनावे होती, गिरणीत सर्वांत खालचे काम होते, पण घर घेण्याचा रस्ता बंद नव्हता. मुलाने आडनावाची शेवटची अक्षरे छाटली की तो इतर गोऱ्यांत मिसळून जाई. घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुले कॉलेजात गेली. ज्यांची नावे त्या खतांत होती, त्यांच्या वाट्याला हे आले नाही.

दुपारी क्रामारचुक्स या खाणावळीत जेवलो. युक्रेनमधून आलेल्या जोडप्याने 1954 मध्ये सुरू केलेले हे दुकान. एका बाजूला सॉसेजचा काउंटर, दुसऱ्या बाजूला ताट घेऊन रांगेत उभे राहायचे. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून शिजवलेले होलुब्त्सी घेतले. रांगेत माझ्यापुढे दोन तरुण मुली हळू आवाजात युक्रेनियन बोलत होत्या. 2022 नंतर आलेल्यांपैकी असाव्यात. या नव्या युक्रेनियनांपैकी कितीतरी जण दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवानगीवर आले. शंभर वर्षांपूर्वीच्या स्लावांना नोकरी आधी मिळाली आणि कागदपत्रांचा जाच कमी होता. यांच्याकडे शिक्षण आहे, पण पुढच्या वर्षी इथे राहता येईल की नाही ते माहीत नाही. ‘स्लाव म्हणजे सुखवस्तू’ हे समीकरणही सरसकट धरून चालत नाही.

संध्याकाळी याच नॉर्थईस्टमध्ये ‘विनाई’त गेलो. 2024 मध्ये उघडलेले हे ह्मोंग रेस्टॉरंट. बान विनाई ही थायलंडमधली निर्वासितांची छावणी, ह्मोंगांच्या एका पूर्ण पिढीने तिथे दिवस काढले. स्वयंपाकघराचे प्रमुख यिया वांग यांचा जन्म तिथलाच. ताटात निखाऱ्यावर भाजलेले मांस, तिखट चटणी, चिकट भात. आजूबाजूला सगळ्या वंशांची माणसे बसलेली. पोलिश आजोबांच्या मोहल्ल्यात छावणीचे नाव दारावर लिहिलेले बघून बरे वाटले.

शनिवार

पहाटे सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात. जोडशहरांच्या बाजारांत निम्म्याहून अधिक शेतकरी ह्मोंग आहेत. एका गाळ्यावर थांबलो. कारली, वांग्यांचे चार प्रकार, गवती चहा, लाल मिरच्या, भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे जुड्या करून ठेवलेले. आई खाली बसून पातीचा कांदा निवडत होती. वाळलेले पान खुडायची, मुळाची माती अंगठ्याने पुसायची, सात-आठ काड्यांना रबर लावायची आणि मान वर न करता पुढची उचलायची. मुलगी उभी राहून गिऱ्हाईक बघायची, फोनला जोडलेल्या छोट्या यंत्रावर कार्ड घ्यायची. ती आठवडाभर एका विमा कंपनीत काम करते आणि शनिवारी इथे असते. जमीन स्वतःची आहे का, असे विचारले. नाही, वर्षाच्या भाड्याने.

“भाड्याच्या जमिनीत फळझाड लावत नाही कोणी,” ती म्हणाली. “आई म्हणते, झाड वाढेपर्यंत मालक बदलतो.”

हीच अडचण ओळखून ह्मोंग शेतकऱ्यांच्या एका संघटनेने शहराच्या दक्षिणेला 155 एकरांचे शेत सामायिक वापरासाठी चालवायला घेतले आणि राज्य सरकारच्या निधीच्या मदतीने 2022 मध्ये ते विकतही घेतले. जमीन आपली झाली की मातीत पैसा घालायला हात धजावतो.

बाजारातून ग्रीन लाइनची रेल्वे पकडली. हीच गाडी मिनियापोलिसहून येताना बोहेमियन फ्लॅट्सच्या बरोबर वरून पूल ओलांडते. मी कॅपिटॉलपाशी उतरलो. राज्याच्या विधानभवनासमोरच्या मैदानावर 2016 मध्ये उभारलेले एक स्मारक आहे, बांबूच्या कोंबासारखे. लाओसमध्ये अमेरिकेसाठी लढलेल्यांचे ते स्मारक. त्या युद्धाबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून थोडे सांगतो. व्हिएतनाम युद्ध चालू असताना शेजारच्या लाओसमध्ये अमेरिकेने गुप्त युद्ध चालवले. सीआयएने जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली ह्मोंगांची फौज उभी केली. 1964 ते 1973 या नऊ वर्षांत अमेरिकी विमानांनी लाओसवर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. हिशेब मांडला तर नऊ वर्षे, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमान. न फुटलेल्या बॉम्बनी तिथे आजही शेतकरी मरतात. 1975 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि अमेरिकेच्या बाजूने लढलेल्यांना मेकाँग ओलांडून पळावे लागले. अमेरिकेसाठी लढलेल्या या म्हाताऱ्या सैनिकांना नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीची सूट मिळायला 2000 साल उजाडले.

स्लाव आणि लाओ यांच्यातला पहिला फरक मला इथे दिसतो. कार्पेथियन खेड्यातला माणूस गरिबीला कंटाळून, बहुधा आधी एकटा, भावाच्या पत्रावर विसंबून आला. नाही जमले तर तो परत जात असे, आणि खूप जण गेलेही. ह्मोंग कुटुंब आले ते जंगलातून चालत, मुले गमावत, छावणीत वर्षानुवर्षे बसून. परतीचा रस्ता नव्हता. मनावर जे ओझे होते त्याची नोंद उत्पन्नाच्या तक्त्यात कुठे होत नाही.

कॅपिटॉलच्या आत राज्यपालांची तैलचित्रे आहेत. त्यात रुडी परपिच यांचे शोधून पाहिले. उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींत राबणाऱ्या क्रोएशियन बापाचा हा मुलगा. घरी क्रोएशियनच बोलायचे, शाळेत गेल्यावर इंग्रजी शिकले, दंतवैद्य झाले आणि 1976 मध्ये राज्यपाल. त्या खाणपट्ट्यात स्लाव कामगार येऊ लागले त्याला तोवर ऐंशीएक वर्षे झाली होती. याच्या उलट, लाओसमध्ये जन्मलेल्या मी मौआ 2002 मध्ये मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळातल्या त्या पहिल्या ह्मोंग, आणि ह्मोंगांना येऊन तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. राजकारणात ह्मोंग स्लावांपेक्षा वेगाने पुढे गेले, हे मला अपेक्षित नव्हते. कारण बघायला गेलो तर सापडते: सेंट पॉलच्या मोजक्या भागांत एकवटलेली वस्ती आणि अठरा कुळांची घट्ट बांधणी. एका कुळाने ठरवले की सगळे मतदानाला निघतात. पैशाच्या बाबतीत मात्र असे ठरवून भागत नाही.

दुपार ह्मोंगटाउन बाजारात गेली. फ्रॉगटाउन या जुन्या कामगार वस्तीच्या कडेला, पूर्वीच्या लाकडाच्या वखारीत 2004 पासून हा बाजार भरतो. फ्रॉगटाउनमधली लहान लाकडी घरे रेल्वेत राबणाऱ्या जर्मन आणि पोलिश लोकांनी बांधली. पोलिशांचे सेंट अ‍ॅडलबर्ट चर्च अजून उभे आहे, पण आता तिथे व्हिएतनामी भाविकांची गर्दी असते. बाजारात शिरलो तर उखळात कच्ची पपई कुटल्याचा आवाज, मासळीच्या खारवाचा उग्र वास, शेजारी औषधी मुळ्या विकणाऱ्या आजी, सोन्याचे दागिने, मुलांचे शाळेचे दप्तर, सगळे एकाच छपराखाली. एका गाळ्यात भरतकामाचे कापड टांगलेले होते. निळ्या पट्ट्यात नदी, त्यात बांबूच्या मोळ्या धरून पोहणारी माणसे, वर काळ्या धाग्याची विमाने, खालच्या कोपऱ्यात छावणीची छपरे. गाळेवालीने बोटाने एक लहान आकृती दाखवली, पाठीवर बाळ बांधलेली. “माझी आई,” ती म्हणाली, “आणि पाठीवर मी.”

रविवार

फार्मिंग्टनजवळच्या वाट लाओ या विहारात ताई आणि मी सकाळी पोहोचलो. आजूबाजूला मक्याची शेते आणि मध्ये सोनेरी छपराचा विहार. बायका रेशमी पट्टा खांद्यावरून घेऊन ओळीने बसल्या होत्या, समोर बांबूच्या डब्यात चिकट भात. भिक्खू रांगेने आले की प्रत्येकीने चिमूटभर भात पात्रात टाकायचा. मग पठण सुरू झाले आणि ताईने माझा हात दाबला. ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ चाल वेगळी, उच्चार थोडे वेगळे, पण तेच त्रिशरण आणि पाठोपाठ तेच पंचशील, जे आमच्या घरी आजी सकाळ-संध्याकाळ म्हणायची. आम्ही दोघांनी सगळ्यांबरोबर म्हटले. शेजारच्या आजीबाईंनी आमच्याकडे बघून स्वतःच्या डब्यातला अर्धा भात ताईच्या हातात दिला आणि पात्रात टाकायची खूण केली.

नंतर जेवताना एक आजोबा शेजारी बसले. 1980 मध्ये नोंग खाईच्या छावणीतून आले. एका लुथेरन चर्चने त्यांची जबाबदारी घेतली होती. जानेवारीत उतरले, पायात चपला. आधी रात्रीची सफाई, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचे काम, ते निवृत्तीपर्यंत. बायकोही तिथेच, दुसऱ्या पाळीत. ब्रुकलिन पार्कमध्ये घर घेतले तेव्हा त्यात तीन पिढ्या आणि कमावणारे पाच जण होते. अशा घरांचे उत्पन्न कागदावर बरे दिसते. ते किती जणांनी मिळून आणलेले आहे आणि किती जणांत वाटले जाते, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. 1990 च्या जनगणनेत अमेरिकेतले जवळपास 64 टक्के ह्मोंग आणि सुमारे 35 टक्के लाओ दारिद्र्यरेषेखाली होते. दहा वर्षांनी ते प्रमाण 38 आणि 18 टक्क्यांच्या आसपास आले. दहा वर्षांत एवढा फरक पडला तो या आजोबांसारख्यांच्या दोन-दोन पाळ्यांमुळे.

त्यांच्या एका पुतण्याचे ऐकून मात्र घास गिळवेना. छावणीत जन्मलेला, दोन वर्षांचा असताना आलेला. नव्वदच्या दशकात गरीब वस्तीत वाढताना टोळीत सापडला, शिक्षा भोगून बाहेर आला, नोकरी केली, मुले झाली. 1996 च्या कायद्यांनी अशा जुन्या गुन्ह्यांवर हद्दपारीची तरतूद कडक केली. पण लाओस अशा लोकांना सहसा परत घेत नसे, म्हणून ही माणसे वर्षानुवर्षे हजेरी देत इथेच जगत राहिली. 2025 मध्ये त्यांना लाओसला पाठवणे झपाट्याने वाढले आहे. जो देश त्याने कधी पाहिलाच नाही, तिथे त्याला पाठवायचे आहे. ज्या सरकारने बॉम्ब टाकले, त्याच सरकारने हे करावे याचा मला संताप येतो.

रात्री ताईकडे चार मराठी कुटुंबे जेवायला होती. दिवसभराचे सांगितले तर एक गृहस्थ म्हणाले, “अहो, पण स्लाव लोकही गरिबीतून आले, वर गेले. आपणही आलो, वर गेलो. शेवटी मेहनत आणि मुलांचं शिक्षण, एवढंच असतं.”

मला हे वाक्य टोचते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारात उभे केले नाही, त्यांना नेमके हेच ऐकवले गेले आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, की आपण आलो ते निवडून आलो. पदवी आधी, व्हिसा नंतर. प्यू संशोधन संस्थेच्या 2019 च्या आकड्यांप्रमाणे अमेरिकेतल्या भारतीय प्रौढांपैकी 75 टक्के पदवीधर आहेत आणि लाओंपैकी 18 टक्के. भारतात तरी शंभरातले पंचाहत्तर पदवीधर आहेत का? आपले यश अमेरिकेच्या विमानतळावर सुरू झाले नाही, ते आधीच गाळून आत घेतलेले होते. लाओंना कोणी गाळले नाही, युद्धाने जे हाती लागले ते आले.

भाऊजींनी वेगळा मुद्दा काढला आणि तो सगळ्यांना पटला. शाळेच्या अर्जावर त्यांच्या मुलीची आणि ह्मोंग मुलीची खूण एकाच चौकटीत पडते: आशियाई. भारतीय घरांचे मध्य उत्पन्न 2019 मध्ये 1,19,000 डॉलर होते, सगळ्या आशियाईंचे मिळून 85,800. आपल्यामुळे सरासरी वर जाते आणि त्या सरासरीमागे ह्मोंग मूल दिसेनासे होते. मग शाळेतली जादा मदत, शिष्यवृत्ती त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण ‘आशियाई मुले छान चालली आहेत’. इथल्या आशियाई संघटनांनी लावून धरल्यावर 2016 मध्ये मिनेसोटाने कायदा केला की विद्यार्थ्यांची माहिती वेगवेगळ्या गटांप्रमाणे गोळा करायची. भाऊजी आता तो अर्ज भरताना ‘आशियाई’वर थांबत नाहीत, खालची ‘भारतीय’ ही चौकट आवर्जून भरतात. ते गृहस्थ निघताना म्हणाले, आम्ही ती नेहमी रिकामीच सोडतो, आता भरू.

सोमवार

शेवटचा दिवस साउथ सेंट पॉलसाठी ठेवला होता. इथे 1880 च्या दशकापासून जनावरांचा प्रचंड बाजार होता आणि त्याला लागून आर्मर आणि स्विफ्ट या मांस कंपन्यांचे कारखाने. क्रोएशियन, सर्ब, पोलिश कामगार हजारोंनी इथे मांस कापायच्या सरकत्या पट्ट्यावर उभे राहायचे. आज मोकळी मैदाने आणि गोदामे आहेत. पण क्रोएशियन हॉल आहे, सर्बियन हॉल आहे, शुक्रवारी मासळीचे जेवण असते.

क्रोएशियन हॉलच्या बाहेर पंच्याऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ भेटले. वडीलही आर्मरमध्ये, तेही आर्मरमध्ये. डाव्या हाताचे एक बोट अर्धे. त्यांनी ते स्वतःच दाखवले.

“काम घाण होतं,” ते म्हणाले, “पण युनियन होती. एका पगारात घर, गाडी, तीन मुलं. बायकोला नोकरी करावी लागली नाही.”

स्विफ्ट 1969 मध्ये बंद झाली, आर्मर 1979 मध्ये. त्यांना शेवटचा पगार मिळाला त्यानंतर काही महिन्यांतच वाट लाओतले आजोबा चपला घालून जानेवारीच्या बर्फात उतरले होते. म्हणजे ज्या कामाने क्रोएशियन कुटुंबाला एका पिढीत घर दिले, ते काम लाओ माणूस येण्याच्या तोंडावर या शहरातून नाहीसे झाले.

मांस कापणे मात्र थांबले नाही. ते लहान गावांत गेले आणि पगार घटला. मिनेसोटातल्याच ऑस्टिन गावात हॉर्मेल कंपनीने तासाचा दर 10.69 डॉलरवरून 8.25 वर आणायचे ठरवले. त्यावरून 1985-86 मध्ये मोठा संप झाला आणि कामगार हरले. राज्याच्या नैऋत्य टोकाला वर्दिंग्टन नावाचे गाव आहे. तिथल्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात काम मिळते म्हणून लाओ कुटुंबे जाऊन राहिली. तोच पट्टा, तसाच सुरा, तशीच बोटे. क्रोएशियन बापाला त्या कामात जे मिळत होते ते लाओ बापाला मिळाले नाही.

मी गृहस्थांना विचारले, तुमच्या जागी लाओ माणसे आली असती तर? त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, आमचे आजोबा आले तेव्हा इथले आयरिश म्हणायचे की हे लोक कमी पगारात काम करून आपले पोट मारणार. मग सगळ्यांना मिळून युनियन करावी लागली आणि तेव्हा कुठे पगार वाढला. त्यांचा नातू आता वर्दिंग्टनच्या बाजूला कामगार संघटनेत काम करतो. पत्रके इंग्रजी, स्पॅनिश, लाओ अशा भाषांत छापतात म्हणाले. नातवाचा फोन नंबर त्यांनी मला कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिला. वर्दिंग्टन इथून गाडीने तीन तास आहे. ताई म्हणाली, पुढच्या वेळी आधी तिकडेच जाऊ.